ओळखीचं बटण

माझी धाकटी जाऊ घाबरायचा पगार घेते, असं भाऊजी कुणालाही सांगायचे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, तिचा नवरा. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकाऊ माणूस समोरच्या बसवर गाडी घालायला निघाला तरी यांचा आवाज चढत नाही. आपल्या पायाखालचा जास्तीचा ब्रेक हळूच दाबतात आणि म्हणतात, "बस मोठी असते. दिसायला हवी." आणि बायको अशी, की घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघणार, जिना उतरून परत वर येणार, पुन्हा ओढणार, आणि बसमध्ये बसल्यावर मला फोन करणार, "ताई, जरा आमचं कुलूप बघता का?" आम्ही त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहतो. मी जाऊन कुलूप ओढायचे. लागलेलंच असायचं.

ऑफिसात तिला 'धास्ती' म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तिला राग यायचा नाही. उलट तिला वाटायचं, निदान या एका ठिकाणी आपला स्वभाव कामाला येतो. तिची कंपनी धंदेवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. माल किती शिल्लक आहे, ऑर्डर कुणाची, कुठली गाडी कुठे जायची, असलं सगळं. बनवणारे बनवून मोकळे व्हायचे. ते बाहेर जायच्या आधी कुठे फसेल हे शोधणं हिच्याकडे. माणूस घाईत दोनदा बटण दाबेल का? मधेच वीज गेली तर? नावाच्या जागी कुणी फोन नंबर लिहिला तर? इतरांच्या डोक्यात येण्याआधी हिने ते करून बघितलेलं असायचं.

रोज सकाळी तीच तीच बटणं दाबून बघायला माणूस कशाला, म्हणून तिने ते काम एका प्रोग्रॅमला लावून दिलं होतं. तो आपला आपण स्क्रीन उघडायचा, ऑर्डर तपासायचा, रद्द करायचा, ती खरंच गेली ना बघायचा आणि हिरवी खूण करायचा. हे सगळं अर्थात सॉफ्टवेअरच्या एका नकली प्रतीवर. तिथली गिऱ्हाइकंही खोटी, हिनेच नावं ठेवलेली. श्री. टेबल खुर्चीवाले. श्रीमती उशी चादरे. अडचण एकच होती. बनवणाऱ्यांनी बटण जरा उजवीकडे सरकवलं, त्याचा रंग बदलला, 'पाठवा'चं 'सादर करा' केलं, की प्रोग्रॅम बावचळून जागच्या जागी उभा. मग ही दिवसभर बसून त्याला एकेका बटणाचा नवा पत्ता शिकवणार. "निम्मा जन्म यात जाणार माझा," म्हणायची.

त्यावरचा उपाय तिला आमच्या स्वयंपाकघरात सुचला. मी तिथेच होते.

आमच्या सासूबाईंना समोरच्या वस्तूचं मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं आणि मधोमध धुरकट डाग. त्या वर्षी घराला रंग दिला आणि मी हौसेने सगळे डबे नवे आणले, एकसारखे, आणि दुसऱ्याच कपाटात लावले. चहा टाकला आणि मलाच साखर सापडेना. सासूबाई आल्या, फळीवरून हात फिरवला आणि बरोबर साखरेचा डबा काढून दिला.

"आई, कसा ओळखलात?"

"डबा कुठे ओळखतेय मी? हा चहाचा, वास येतोय. खाली चमचे आहेत. यांच्या मधे तू दुसरं काय ठेवणार?"

धाकटी हातात रिकामा कप घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. चहा गाळून झाला तरी कप पुढे करेना.

पुढे काही महिने ती त्यातच बुडालेली होती. तिची कल्पना सांगायला सोपी आहे. प्रोग्रॅमने बटण ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही. त्याचे शेजारी ओळखायचे. वर काय लिहिलंय, डावीकडे कुठला रकाना आहे, इथे यायच्या आधी काय झालं, दाबल्यावर काय व्हायला हवं. एवढं जुळलं की मग बटण हिरवं असो नाहीतर लाल, या कोपऱ्यात असो नाहीतर त्या, प्रोग्रॅम बरोबर त्याच्यापर्यंत पोचणार. आणि पोचला. बनवणाऱ्यांनी मुद्दाम स्क्रीनची उलथापालथ करून बघितली, तरी तो न थांबता शेवटपर्यंत गेला.

त्यांचे साहेब खूश झाले. या साहेबांना सगळे 'पुढे चला' म्हणायचे, कारण कुणी काही शंका काढली की ते तेवढंच म्हणत. त्यांनी लगेच पेटंटचं काम बघणारे वकील बोलावले. वकिलांनी हिला समोर बसवून विचारलं, "यात नवीन काय आहे?" आणि हिची झोप उडाली.

"ताई, पेटंट घ्यायचं म्हणजे लिहून द्यायचं की हे माझ्याआधी जगात कुणी केलेलं नाही. जगात! मला शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते माहीत नसतं."

वकिलांनी तिच्या साध्या कल्पनेचं असं काही लिखाण केलं, की पान उलटलं तरी पहिलं वाक्य संपत नव्हतं. तिने ते भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "याला मधे ब्रेक नाही का?" पण पेटंट मिळालं. तिचं नाव कोरलेली काचेची पाटी कंपनीच्या दारातल्या भिंतीवर लागली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या डब्यांचं पेटंट तुमच्या साहेबांनी घेतलं की!"

आम्ही हसलो. ती हसली नाही. ती म्हणाली, "इतकं नीट कधी काही चालत नाही. कुठेतरी काहीतरी असणार. मला दिसत नाहीये एवढंच."

तिच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत एकजण घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारे होते. फुफ्फुसं थकलेली माणसं घरीच नळी लावून बसलेली असतात. त्यांच्याकडे भरलेला सिलिंडर न्यायचा, रिकामा आणायचा. या सिलिंडरवाल्यांचं सॉफ्टवेअर करताना ही फार घाबरली होती. नकली प्रत आणि खरं सॉफ्टवेअर दिसायला एकसारखं. कुणी घाईत खऱ्यालाच नकली समजलं तर? म्हणून तिने हट्टाने खऱ्या सॉफ्टवेअरमधली शेवटची स्क्रीन वेगळी करून घेतली होती. वर जाड लाल पट्टी. 'हो' आणि 'नाही'च्या जागा उलट. आणि बटणावर नुसतं 'रद्द करा' नाही, तर 'हो, या घरी जाणारा सिलिंडर थांबवा'. माणूस वाचून दचकेल, आणि चाचणीचा प्रोग्रॅम चुकून तिथवर गेलाच तर अनोळखी बटण बघून थांबेल. शिवाय एकदा रद्द झालेली ऑर्डर परत उभी करता येणार नाही, हेही तिनेच सुचवलेलं. नाहीतर लोक रद्द कर, पुन्हा घे, असा पोरखेळ करतील म्हणून.

हे सगळं पेटंटच्या बरंच आधीचं. नवा प्रोग्रॅम आल्यावर ती लाल पट्टी कुणाच्या ध्यानीमनीही राहिली नाही. हिच्यासुद्धा. इतक्या भीती जमवलेल्या बाईची ही एक भीती नेमकी राहून गेली.

त्या दिवशी एका मोठ्या कंपनीची माणसं ती पेटंटची पद्धत वापरायचे हक्क घ्यायला येणार होती. 'पुढे चला' साहेब सकाळपासून टाय सरळ करत फिरत होते. ते तिला म्हणाले, "पाहुण्यांना दाखवायच्या आधी एकदा चालवून बघ." तिने चालवलं. आदल्या दिवशी ऑफिसातली सगळी यंत्रं नव्या जागी हलवली होती आणि त्या गडबडीत नकली प्रतीचा पत्ता सिलिंडरवाल्यांच्या खऱ्या सॉफ्टवेअरकडे वळला होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रोग्रॅम चालू झाला, पहिली हिरवी खूण आली, आणि ही बाटली घेऊन पाणी भरायला गेली.

परत आली तर हिरव्या खुणांची रांग लागलेली. तिला बरं वाटलं. ती खुर्चीत बसली, झाकण उघडलं, आणि समोरून झरझर जाणाऱ्या स्क्रीनवरचं एक वाक्य तिने वाचलं. पत्त्याखाली सूचना लिहायची जागा असते, तिथे लिहिलेलं होतं: 'बेल वाजवू नका, बाळ झोपलेलं असतं. सिलिंडर मागच्या खोलीत आजोबांजवळ.'

असं तिने कधी लिहिलेलं नव्हतं. श्री. टेबल खुर्चीवाल्यांकडे बाळ नव्हतं.

ती मला म्हणाली, "ताई, आधी काही वाटलंच नाही. नुसतं कानात पाणी गेल्यासारखं झालं." प्रोग्रॅम पुढच्या घरावर गेला. लाल पट्टी आली. त्याने शेजार बघितला, बटण ओळखलं, दाबलं. हिरवी खूण. पुढचं घर. तिने माऊसकडे हात नेला, तोवर आणखी एक हिरवी खूण. शेवटी ती टेबलाखाली शिरली आणि तिने संगणकाची वायरच उपटली.

पाहुणे तोवर येऊन मोठ्या खोलीत बसले होते. तिने साहेबांना दाराबाहेर बोलावलं आणि सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला.

"किती?" ते म्हणाले.

"बघायला हवं. पण सर, गाड्या निघाल्यात. रद्द झालेलं घर ड्रायव्हरच्या फोनवरून गायब होतं. तो तिथे थांबणारच नाही."

"थांब जरा. आधी आपल्या वकिलांशी बोलू. ही माणसं तासाभरात जातील. तोवर कुठे बोलू नकोस."

"सर, तासभर..."

"मी म्हणतोय ना!" ते पुटपुटले. मग ते आत गेले. दार लागलं. आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला.

ती साहेबांना फार घाबरायची. नोकरी जाईल, पाटीवरचं नाव जाईल, पोलीस येतील, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती लपवत नाही ते. म्हणते, "मला वाटलं, खरंच थांबावं. सांगितलंय ना थांबायला." पण तिचे पाय तिला जिन्यात घेऊन गेले आणि तिथल्या पायरीवर बसून तिने सिलिंडरवाल्यांच्या डेपोत फोन लावला.

फोन उचलला तो गाड्या सोडणाऱ्या बाईंनी. घोगरा, घाईतला आवाज.

"बोला पटकन."

हिने सांगितलं.

"परत उभ्या करा त्या ऑर्डरी."

"होत नाही. एकदा रद्द ती रद्द."

"असं कुणी बनवलं?"

"मीच सांगितलं होतं."

"बरं," बाई म्हणाल्या. "रडू नका. पत्ते आहेत का?"

पत्ते होते. प्रोग्रॅम प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. ती फोन कानाला धरूनच टेबलाशी परत गेली, वायर लावली, संगणक सुरू व्हायची वाट बघत उभ्याउभ्या पदराशी खेळावं तशी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी पिळत राहिली, आणि मग एकेक फोटो बघून पत्ते वाचू लागली. पलीकडे बाई दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरांना ओरडून सांगत होत्या. मागे वळ. हो, तेच घर. रद्द नाही, रद्द नाही! कुठे गाडी गल्लीतच होती, कुठे अजून पोचायची होती. घरच्यांनाही फोन जात होते. एका घरी म्हाताऱ्या बाईंना धाप लागली होती, तिथे डेपोतल्या बाईंनी ॲम्ब्युलन्स पाठवली.

शेवटी एक घर राहिलं. फोन वाजतोय, कुणी उचलत नाही.

"गाडी वळवलीय," बाई म्हणाल्या, "पण ती पुलापलीकडे अडकलीय. घर तुमच्या ऑफिसपासून लांब नाही. कुणी जाऊन बघेल का?"

ते बेल न वाजवायचं घर होतं.

त्या वेळी मी भाऊजींची गाडी चालवत होते. चालवत म्हणजे, त्यांच्या शेजारी बसून स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मी शिकायला लागून थोडेच दिवस झाले होते. त्यांचा फोन वाजला. पलीकडे धाकटी होती, पण तिचा आवाज मी ओळखलाच नाही. कुणीतरी खूप लांबून, पाण्याखालून बोलतंय असं वाटलं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "वहिनी, गाडी कडेला घ्या. मागे बसा."

हा माणूस हॉर्न वाजवतो हे मला त्या दिवशी कळलं. वर शिकाऊची पाटी, आणि गाडी अशी पळत होती की बाजूचे लोक वळून बघत होते. ऑफिसच्या फाटकाशी ती उभी होती. आत बसली, दार लावलं, पत्ता सांगितला, आणि मग एकच वाक्य. "मी पाणी आणायला गेले होते." थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, मी फक्त पाणी आणायला गेले होते." भाऊजी म्हणाले, "हो. पट्टा लाव."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराबाहेर बाबागाडी आणि चपलांचा ढीग. तिने दारावर टकटक केली. आतून काही नाही. पुन्हा केली, जोरात. मी दाराला कान लावला. आत सगळं शांत. ती शांतता मला अजून आठवते. घरात माणसं असताना असते तशी नव्हती.

"बेल वाजव," मी म्हटलं.

"वाजवू नका म्हटलंय त्यांनी."

"अगं, वाजव!"

तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला बाळाची भीती नव्हती वाटत. आत कुणी उत्तर देणारं उरलंय की नाही, हे कळण्याची वाटत होती. मग तिने डोळे मिटून बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

आत बाळ किंचाळून रडायला लागलं. मला हायसं वाटलं आणि लगेच लक्षात आलं, हे बाळ झालं. आजोबांचं काय?

दार उघडलं ते बाळाच्या आईने. केस विस्कटलेले, बाळ खांद्यावर, डोळ्यांत झोप आणि संताप. "वाचता येत नाही का तुम्हाला? किती वेळा लिहून द्यायचं?"

"आजोबा कुठे आहेत?"

"काय? तुम्ही कोण?"

"मागच्या खोलीत ना?" आणि आयुष्यात कुणाच्या घरी विचारल्याशिवाय पाणी न मागणारी माझी जाऊ त्या बाईंना ओलांडून आत घुसली. आम्ही तिच्या मागे.

आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. नाकाशी नळी, हनुवटी छातीवर टेकलेली, हात मांडीवरून खाली लोंबलेला. हलत नव्हते. धाकटीने माझा दंड धरला. इतका घट्ट, की चार दिवस वळ राहिला.

मग आजोबांनी एक डोळा उघडला. "कोण आलंय? सिलिंडर आला का?"

ती मटकन खालीच बसली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. सिलिंडरवरचा काटा लाल भागात गेला होता. जास्तीचा सिलिंडर आदल्या दिवशीच संपलेला. आज नवे यायचे होते. बाळ रात्रभर जागं होतं, म्हणून आईने फोनचा आवाज बंद करून जरा डोळा लावला होता.

तिने डेपोत फोन लावला. बाई म्हणाल्या, "लाल भागात म्हणजे कुठे? सुरुवातीला की शेवटाला?"

"मधे. मधेच आहे."

"मग वेळ आहे. गाडी पुलावरून उतरलीय. त्यांना उठू देऊ नका, बोलू देऊ नका. ओठ निळसर वाटले तर लगेच सांगा."

आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हलताना दिसत नाही. जरा नजर काढून परत बघितलं की वाटतं, खाली आला. मी रडणारं बाळ घेतलं आणि त्याची आई आजोबांजवळ जाऊन बसली. भाऊजी गाडी दिसतेय का बघायला खिडकीशी. कुणी बोलत नव्हतं, आजोबा सोडून. त्यांना बोलू नका म्हटलं, तर तेवढंच करत होते.

"माझ्याकडे बघा की. सगळे काट्याकडेच काय बघताय? मी काय पेट्रोल पंप आहे?"

"बाबा, गप्प बसा ना," सून रडवेली होऊन म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "आज सकाळीच यायची ना गाडी? का नाही आली?"

मला वाटलं, भाऊजी काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. कंपनीची चूक, कॉम्प्युटरची गडबड, असं काहीही चाललं असतं. पण धाकटी जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाली, "ऑर्डर रद्द झाली. मी केली. मी बनवलेल्या प्रोग्रॅमने. चुकून."

आजोबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "मी काय केलं होतं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

तिने खाली बघून पुन्हा डेपोत फोन लावला, गाडी कुठवर आली ते विचारायला.

गाडी आली तेव्हा काटा लाल भागाच्या पार तळाशी गेला होता आणि आजोबांचंही बोलणं बंद झालं होतं. माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन दोन दोन पायऱ्या चढत आला. त्याने नळी काढली, लावली, पाना फिरवला. फस्स असा आवाज झाला. आजोबांची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. सुनेने फोन हातात घेऊन त्याचा आवाज पूर्ण वाढवला. मग ती आम्हाला म्हणाली, "तुम्ही आता जा." आम्ही गेलो. तिने माफ केलं नाही, आणि करायला हवं होतं असं मला वाटत नाही.

धाप लागलेल्या त्या म्हाताऱ्या बाई इस्पितळात होत्या. कंपनीच्या वकिलांनी धाकटीला ताकीद दिली होती, कुणाला भेटायचं नाही, काही बोलायचं नाही. ते दिवस वाईट गेले. फोन वाजला की ती पांढरी पडायची. जेवताना घास हातात धरून दाराकडे बघत बसायची. सासूबाई जवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायच्या. मग एके दुपारी गाड्या सोडणाऱ्या बाईंचाच फोन आला. "घरी आल्या त्या. मघाशी आमच्या ड्रायव्हरला झापलं त्यांनी, सिलिंडर दारात आडवा ठेवला म्हणून." तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

चौकशी झाली. यंत्रं हलवणाऱ्या माणसाच्या माथी सगळं मारायचं, असा बेत दिसत होता. पत्ता त्याच्याकडूनच वळला होता, हे खरंही होतं. पण हिने लेखी सांगितलं की पत्ता चुकला तरी लाल पट्टीपाशी सगळं थांबायला हवं होतं, आणि ज्या प्रोग्रॅमने ओळखू नये म्हणून बटण बदललं होतं, त्यानेच ते ओळखलं. पाहुणे पुन्हा आले नाहीत. सिलिंडरवाल्यांनी सॉफ्टवेअर दुसरीकडून घेतलं. साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा ती राजीनामा पर्समध्ये घेऊन गेली होती. ते म्हणाले, "तू फोन केलास. मी केला नसता." एवढंच. राजीनाम्याचं कुणी नाव काढलं नाही, म्हणून तिनेही काढलं नाही.

त्यानंतर तिने प्रोग्रॅममध्ये एक भर घातली. कुठलंही परत न फिरवता येणारं बटण दाबायच्या आधी तो आता भोवताली बघतो. ही माणसं खरी तर नाहीत ना, हे तपासतो. ही नावं, हे पत्ते तिनेच बनवलेले आहेत का? जरा शंका आली की थांबतो आणि माणसाला बोलावतो. साहेबांची कुरकुर होती की हा सारखाच थांबतो, विकणार कसा? तरी वकिलांना बोलावलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, यात नवीन काय? ती म्हणाली, "हा घाबरतो." वकिलांनी ते त्यांच्या भाषेत लिहिलं, पण या वेळी पेटंट मिळालं नाही. असलंच काहीतरी दुसरीकडे कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. मला वाटलं, हिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे माझ्याआधी कुणीतरी घाबरलं होतं, ताई. बरंच झालं."

आता तिच्या हाताखाली टेस्टिंग शिकायला नवी माणसं येतात. पहिल्या दिवशी ती त्यांना संगणक देत नाही. सिलिंडरवाले आता त्यांचं गिऱ्हाईक नाहीत, तरी तिने गाड्या सोडणाऱ्या बाईंना गळ घातली आहे; नवा माणूस आला की दिवसभर त्यांच्या एका गाडीत बसून घरोघरी फिरतो. बाईंची त्यावर तक्रार असते. परवाच फोन आला होता. "तुमची माणसं दोन मजले चढली की जिन्यातच बसतात हो. एखाद्या दिवशी त्यांनाच नळी लावायची पाळी येईल. पुढच्या खेपेला जरा धडधाकट पाठवा."